चौकटीत जमीन नको

सोमवार, २ तारीख

पोचले एकदाची! बसमधून उतरते न उतरते तोच ताईने अशी मिठी मारली की माझ्या पिशवीचा बंद तुटला. गळ्यात कॅमेरा, गालांवर रंग आणि तोंडाची टकळी अखंड चालू. ही तीच ताई, जी दोन वर्षं अंथरूण सोडत नव्हती. भावोजी तिला लहान मुलीसारखं भरवायचे. औषधं झाली, हवापालट झाली, आणि शेवटी बाईसाहेबांना उठवलं कोणी, तर ढगांनी! इथे आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. भावोजींनी त्यात तिचं नाव घातलं आणि ती हळूहळू माणसांत आली. त्या मंडळाचे माझ्यावर उपकारच आहेत.

गाव बशीत ठेवल्यासारखं आहे. चहूबाजूंनी बुटक्या, बोडक्या, पांढरट टेकड्या. एका ठिकाणी दोन टेकड्यांमध्ये खिंड आहे, येण्याजाण्याचा रस्ता तेवढाच. घर तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची, आणि माझी खोली गच्चीच्या जिन्याला लागून. न्हाणीघर लख्ख आहे, मी आधी तेच बघितलं. ताई म्हणाली, स्वर्गात गेलीस तरी तू आधी तिथले नळ तपासशील. तपासीनच.

बुधवार, ४ तारीख

दाताच्या दवाखान्यातली नोकरी सुरू झाली. डॉक्टर मितभाषी, हात हलका. माझं काम म्हणजे पेशंटच्या तोंडात नळी धरून लाळ ओढून घ्यायची, हत्यारं उकळायची, साचे धुवायचे. माझ्यासारखी सोवळी बाई हे काम कशी करते, असं सगळे विचारतात. हातमोजे आहेत, मास्क आहे. दुसऱ्याची लाळ माझ्या कातडीला लागत नाही तोवर माझी काही तक्रार नसते.

संध्याकाळी गच्चीवर गेले आणि बघतच राहिले. या गावाचं आकाश खरंच वेगळं आहे. सूर्य टेकड्यांमागे गेला की वर गुलाबी रंग चढतो आणि ढगांच्या जाड, ओल्या घड्या दिसायला लागतात. प्रत्येक गच्चीवर माणसं होती. सगळ्यांच्या माना मागे आणि तोंडं उघडी. मी ताईला म्हटलं, आमच्या डॉक्टरांना इथेच खुर्ची टाकून द्या. ती इतकी हसली की तिचा फोटो हलला. तिला हसताना पाहून माझे डोळे भरून आले.

भावोजींचा जुना कॅमेरा मला मिळालाय. मीही फोटो काढले. मग वरून बारीक तुषार आल्यासारखं वाटलं आणि भिंगावर काहीतरी चिकट बसलं. मी रुमाल शोधत होते. भावोजींनी बोलता बोलता आपला कॅमेरा तोंडाशी नेला आणि भिंग चाटून स्वच्छ केलं. मला वाटलं, मेहुणीची गंमत करताहेत. मग ताईनेही चाटलं.

शनिवार, ७ तारीख

गंमत नव्हती. इथे सगळे तसंच करतात! मंडळाचे प्रमुख निवृत्त पोस्टमास्तर आहेत, शर्टाला कडक इस्त्री, नखं कापलेली. त्यांना मी स्वतः जीभ बाहेर काढून भिंग पुसताना पाहिलं. ताई सांगते, कापडाने ओरखडे पडतात, आणि ते नुसतं दव असतं. दव कसलं! बोटांत धरलं तर तार सुटते. वास शिळा, झोपून उठल्यावर न धुतलेल्या तोंडाचा. मी हे गच्चीवर बोलून दाखवलं आणि भावोजींचा चेहरा पडला.

आज वर बघताना एक थेंब थेट माझ्या ओठावर पडला. कोमट होता. मी धावत खाली आले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. साबणाने ओठ सोलवटून निघेपर्यंत घासले. अजून शिसारी जात नाही. आणि ताई दारात उभी राहून म्हणते, सवय होईल गं.

मंगळवार, १० तारीख

मंडळाची बैठक. माझे सगळे फोटो बाद! इथला नियम एकच, चौकटीत जमीन नको. तार नको, टाकी नको, टेकडी तर नकोच. क्षितिजाजवळ रोज एक पांढरी कमान दिसते, तीही टेकड्यांना चिकटून असते म्हणून कोणी चौकटीत घेत नाही. पोस्टमास्तरांनी सगळ्यांसमोर कात्रीने माझ्या एका फोटोची खालची कड कापली आणि म्हणाले, आता कसं निर्मळ दिसतंय बघा. निर्मळ म्हणे! जिभेवर चिकटा घेऊन फिरणाऱ्यांनी मला निर्मळपणा शिकवावा.

ताईचा फोटो मात्र पहिला आला. वार्षिक प्रदर्शनात तो मधोमध लागणार. ती घरी येईपर्यंत गुणगुणत होती. मी रागारागाने माझे न कापलेले फोटो पिशवीत कोंबले.

गुरुवार, १२ तारीख

दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हता. मी पिशवीतले माझे फोटो बाहेर काढून बघत बसले. ताईच्या फोटोत होत्या तशाच ढगांच्या घड्या, मधली ती उभी शीर, दोन्ही बाजूंना फुटलेल्या आडव्या वळ्या. हे मी रोज बघते. तोंड उघडलं की वरच्या दातांमागे, टाळूवर.

डॉक्टरांना काहीच न सांगता त्यांच्यापुढे माझा एक फोटो धरला, खालच्या घरांवर हात ठेवून. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, कोणाचा आहे? मग म्हणाले, टाळू ठीक आहे, पण वरची मागची दाढ किडली आहे, हिरड्या सुजल्यात, या पेशंटला बोलावून घ्या.

त्यांनी बोट ठेवलं होतं त्या पांढऱ्या कमानीवर. मी हात बाजूला केला. कमानीखाली आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती आणि टाकीमागे टेकड्या. वरची ओळ आणि खालची ओळ.

डॉक्टर हसले नाहीत. खिडकीपाशी जाऊन त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, आज लवकर बंद करू.

शुक्रवार, १३ तारीख

दवाखान्याला कुलूप. डॉक्टरांच्या घरालाही.

मी सगळे फोटो तारखेप्रमाणे भिंतीवर लावले. आठवड्याभरात कमान टाकीच्या बरीच जवळ आली आहे. कोणाच्या लक्षात कसं येणार? हे लोक कड कापून टाकतात ना! रोज वर बघतात आणि नेमकं तेवढंच बघत नाहीत.

ताईला सगळं दाखवलं. पाया पडले तिच्या. म्हटलं, आत्ता निघू, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिने फोटो बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाली, तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का? मला परत त्या अंधाऱ्या खोलीत घालायचंय का? आणि रडायला लागली. शेवटी मीच नमतं घेतलं. प्रदर्शन झालं की हवं तिथे येईन, असं तिने कबूल केलंय. प्रदर्शन रविवारी.

शनिवार, १४ तारीख

आज बस आली नाही. मी खिंडीपर्यंत चालत गेले, रस्ता तरी बघून ठेवावा म्हणून. खिंड म्हणजे पडलेल्या दाताची जागा, हे आता कळतंय. तिथला डांबरी रस्ता फुगून फाटलाय. खालची माती लाल आणि मऊ. पाय ठेवला तर आत रुतला आणि बाजूने पू आल्यासारखं काहीतरी वर आलं, बुटाच्या शिवणीतून मोज्यात. मी किंचाळले. बूट तिथेच टाकला.

पुढे डॉक्टरांची गाडी होती, खिडक्यांपर्यंत रुतलेली. दार उघडं. आत कोणी नाही. सीटवर तोच चिकटा, जाड, फेसाळ, आणि त्यात त्यांचा चष्मा.

अनवाणी पायाने परतले. पाय धुतले, परत धुतले. नळाच्या पाण्यालाही तार सुटतेय—

भावोजी आनंदात आहेत. म्हणतात, आजचं दव भरपूर.

रविवार, १५ तारीख, सकाळ

उजाडलं आहे पण ऊन नाही. गरम, दमट. वारा येतो आणि जातो. येतो आणि जातो. वास सहन होत नाही.

रस्ता एका बाजूने उचलला गेलाय. सायकली, कुंड्या, डबे, सगळं पश्चिमेकडे घरंगळतंय. पश्चिमेच्या टेकड्या त्यातल्या त्यात रुंद. मला कळतंय हे काय आहे. रोज पाहिलंय. जीभ घास सरकवते— आधी दाढांपर्यंत—

प्रदर्शनाच्या मंडपातून टाळ्या ऐकू येताहेत. ताईचा फोटो लावला असणार.

रविवार, दुपार

मंडप नाही. घसरत गेला, माणसांसकट. भावोजी ताईचा फोटो लावलेला खांब धरून होते. पोस्टमास्तर वर बघत होते, तोंड उघडं. सगळ्यांवर तो चिकटा, नाकातोंडात, केसांत, आणि कोणी ओरडतसुद्धा नव्हतं—

ताई कशीबशी निसटून घरी आली. चिकट्याने माखलेली. मी तिला हात लावू शकले नाही. सख्खी बहीण, आणि मला आधी ओकारी आली. ती बघत राहिली. मग जिना चढून वर गेली.

खिंड बंद झाली आहे. वरून काहीतरी खाली आलंय तिथे. खिडकीतून दिसतंय. पांढरं.

रविवार, नंतर

गच्चीवर आहे. ताईला मिठी मारून बसले आहे. सगळा चिकटा माझ्या अंगाला, मानेला, तोंडाला. अजूनही किळस येतेय, खूप येतेय. सोडणार नाही. वही गुडघ्यावर. हाताला काहीतरी काम हवं, नाहीतर—

टाकी फुटली. कमान इतकी जवळ की किडीचं भोक दिसतंय. काळं. आत काहीतरी अडकलंय, कुजलेलं, मोठं, त्याला खिडक्या आहेत. घर आहे ते—

ताईने कॅमेरा खाली टाकला. पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांनी वर बघतेय. आता तिला दिसलं. आजारात बोलायची तसल्या बारीक आवाजात विचारतेय, फार दुखेल का गं—

मी पेशंटना सांगते तेच सांगितलं. खुर्चीत बसलेल्या सगळ्यांना सांगते तेच. घाबरू नकोस, डोळे मीट, दुखणार नाही, फक्त थोडा दाब जाण