तीन नंबरची धून

अण्णा,

गेल्या शनिवारी इथे रेगेन्सबर्गमध्ये स्कॉटलंडच्या लोकसंगीताचा एक बँड आला होता. पाच जण, एक व्हॅन आणि महिनाभराचा जर्मनीचा दौरा. ऑफिसातल्या मैत्रिणीला जमणार नव्हतं, म्हणून तिची तिकिटं माझ्याकडे आली आणि मी लेकीला घेऊन गेले. तुमची ही नात आता दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.

बॅगपाईप वाजवणारी तिशीतली मुलगी होती. तिनं पिशवी काखेत दाबली, खांद्यावरच्या नळ्यांनी सूर धरला, आणि मी सातारच्या पोलीस लाइनीतल्या आपल्या स्वयंपाकघरात. रविवार आहे, तुम्ही गुळाचं पाणी उकळताय, तुमच्या बॅगपाईपची कातडी पिशवी आतून मुरवायला. आई म्हणते, "त्या पिशवीला माझंच पातेलं सापडतं का दर वेळी?" तुम्ही नुसते हसता. मी उरलेला गुळाचा खडा तोंडात टाकून तुमची बासरीसारखी नळी उचलते आणि फुंकते. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, पण त्या दिवशी चढवलात. "आधी चूळ भर. गोड तोंडानं नळीतली पात कुजते." मी रडले असेन, कारण थोड्या वेळानं तुम्ही मेणाच्या दोऱ्याचं रीळ माझ्यापुढे ठेवलंत आणि नळ्यांच्या सांध्यांना दोरा कसा गुंडाळायचा ते शिकवलंत. नळी गळून पडता कामा नये, आणि सूर लावताना फिरायलाही हवी. पोलीस बँडमधल्या तुमच्या बाजाचे सांधे पुढे कित्येक वर्षं मीच बांधले.

मध्यंतराच्या जरा आधी त्या मुलीची एक नळी सांध्यातून निसटली आणि खाली पडली. लोक हसले, तीही हसली. हॉलमधल्या हीटिंगनं दोरा सुकला असणार, हे मला बसल्या जागी कळलं. मध्यंतरात ती स्टेजच्या कडेला बसून घाईघाईनं दोरा गुंडाळत होती आणि तो पुनःपुन्हा सैल पडत होता. मी जवळ गेले आणि विचारलं, "मी बांधून देऊ?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नळी हातात दिली. हात काही विसरले नव्हते, अण्णा. तिनं सांधा फिरवून पाहिला आणि विचारलं, "कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी. भारतात पोलीस बँडमध्ये होते. पुढे लग्नाच्या वरातीत वाजवायचे."

"काय वाजवायचे?"

तुम्ही नंबर घालून धुना लिहून ठेवायचात, त्या वहीतली तीन नंबरची धून मी गुणगुणले. मला ती कायम आपल्याकडचीच वाटत आली होती. ती मुलगी माझ्याबरोबर पुढचा भाग स्वतःच गुणगुणायला लागली. म्हणाली, "ही आमच्याकडची आहे. माझे आजोबा वाजवायचे." उत्तरार्धात ते पाच जण आपसांत काहीतरी बोलले आणि तिनं तीन नंबर सुरू केली. नळी हलली नाही. लेक माझ्या कानाशी येऊन जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबा हे वाजवायचे?" मी म्हटलं, "गेनाऊ. हेच." मग शेवटपर्यंत ती माझा हात धरून बसली. खूप दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहू शकते. निघताना त्या मुलीनं विचारलं, "वरातीत तूही वडिलांबरोबर चालायचीस का?" मी हो म्हणाले. ते खोटं आहे. मी नववीत होते. वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीची वरात होती. लाल कोट घालून तुम्ही वाजवत येताना दिसलात आणि मी मैत्रिणींना घेऊन शेजारच्या दुकानात शिरले. वरात पुढे जाईपर्यंत वह्या चाळत राहिले. संध्याकाळी लग्नातला बुंदीचा पुडा तुम्ही नेहमीसारखा माझ्या हातात ठेवलात. एरवी "वरात पाहिलीस का?" असं विचारायचात. त्या दिवशी विचारलं नाहीत.