डाव्या कोपऱ्याची किंमत

सर, तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं झाली, आणि मी तुमच्याशी बोलणं सोडलं त्याला त्याच्या दुप्पट. मधल्या काळात कबड्डी मातीतून गादीवर गेली, गादीवरून टीव्हीवर गेली आणि टीव्हीवरून लोकांच्या फोनमध्ये शिरली. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला काही लागायचं नाही. फँटसी कबड्डी म्हणतात त्याला. आपण स्वतः खेळायचं नाही, घामही गाळायचा नाही. टीव्हीवर खेळणाऱ्या वेगवेगळ्या संघांतले खेळाडू निवडून आपला एक संघ कागदावर मांडायचा. त्यातल्या कुणी तिकडं गडी बाद केला किंवा पकड केली, की इकडं आपल्या नावावर गुण पडतात. पैसे लावायची अ‍ॅपं होती, ती बंद झाली. आम्ही मानवतच्या शाळेतले आठ मास्तर मात्र पहिल्यापासून वहीतच खेळतो. हंगामाच्या आधी प्रत्येकाला शंभर गुण मिळतात, त्यात बोली लावून सात खेळाडू घ्यायचे, आणि शेवटी जो तळाला राहील त्यानं सगळ्यांना भजी खाऊ घालायची. पाच हंगामांत माझ्यावर ती पाळी एकदाही आली नाही. ती का आली नाही, हे तुम्हाला चटकन कळेल, कारण ते तुम्हीच शिकवलंय.

बोली सुरू झाली की बाकीचे सातही जण चढाई करणाऱ्यांवर तुटून पडतात. चढाई करणारा सारखा दिसतो, गुण आणतो, मांडीवर थाप मारतो, त्याचे फोटो येतात. मी गप्प बसतो आणि डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा, घोटा धरणारा, त्या वर्षीचा सगळ्यात पक्का गडी उचलतो. शंभरातले तीस-तीस मोजलेत मी एकेका कोपऱ्यासाठी. आमचे गणिताचे सर पहिल्या वर्षी म्हणाले, "येडं झालाव का, पकडीला गुण तरी किती मिळतेत?" मी त्यांना सांगितलं, की चांगला चढाईवाला गेला तर त्याच्या जवळपासचे आणखी दहा मिळतात, पण एक नंबरचा कोपरा आणि पाच नंबरचा कोपरा यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. खेळाडू किती गुण आणतो हे बघायचं नाही, तो नसला तर त्याच्या जागी जो येईल तो किती कमी आणेल हे बघायचं. तीच त्याची किंमत. गणिताच्या सरांना गणित शिकवलं म्हणून मी तेव्हा फार खूश झालो होतो.

झरीच्या शाळेत तुम्ही हेच म्हणायचात, फक्त तुमच्या बोलण्यात किंमत हा शब्द नसायचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते म्हणून प्रत्येक पोरानं घरून दोन टोपली पांढरी माती आणायची, ती चाळायची, पाणी मारायचं आणि मगच मैदानात पाय ठेवायचा. मी चाळणीपाशी उकिडवा बसलोय, तुम्ही एक पाय किंचित ओढत सगळ्या बाजूंनी फिरताय, आणि म्हणताय, "गावाला चढाई बघू द्या. मी कोपरा बघणार." पकड झाली की नाचायचं नाही, आधी पडलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीवरची माती झटकायची. आणि मॅचच्या आधीचा तुमचा तो अंगठा. सगळ्यांना ओळीनं मातीत बसवायचं, आणि तुम्ही प्रत्येकाच्या घोट्यावर, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा दाबत जायचात. तोंडाकडे बघायचात, पायाकडे नाही. ज्याचा डोळा बारीक झाला तो बाहेर. त्यावर चर्चा नसायची.

परभणीच्या फायनलला माझा घोटा आदल्या दिवशीच मुरगळलेला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. राज्याच्या शिबिरासाठी पोरं निवडणारे लोक येणार होते आणि मला ते माहीत होतं. मी दात आवळून बसलो, पण डोळ्यांनी दगा दिला. तुम्ही म्हणालात, "पाय सुजलाय तुजा. आज तू बस." मी पाया पडलो, रडलो, मग बिथरलो. सगळ्या संघासमोर, दुसऱ्या शाळेच्या मास्तरांसमोर मी तुम्हाला म्हणालो, "तुमी सोता कधी खेळलाव का?" तुम्ही माझ्या जागी दुसरा पोरगा उभा केलात, पाय ओढत रेषेपाशी गेलात आणि मागं न बघता म्हणालात, "खेळलो म्हणून तर."

त्या दिवशी आपण तीन गुणांनी हरलो. शिबिराला माझ्याऐवजी आपल्याला हरवणाऱ्या संघाचा कोपरा गेला. मी गावात सांगत फिरलो की सरांची छाती नाही, सर भित्रे आहेत. पुढं मी बीपीएड केलं, मानवतला क्रीडाशिक्षक झालो, शिट्टी गळ्यात घातली आणि तुमच्याच पद्धतीनं शिकवत राहिलो, पण कुणी विचारलं की कुणाकडं शिकलात, तर आपलं आपणच म्हणायचो. तुम्ही आजारी आहात हे कळलं होतं. तुम्ही गेलात हेही त्याच दिवशी कळलं. परभणीला एसटी बदलली की झरी काही लांब नाही. मी आलो नाही. तालुक्याच्या स्पर्धा होत्या, असं कारण माझ्याकडे होतं, आणि स्पर्धा खरंच होत्या.

आता त्या पोरीचं सांगतो. हे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलंय, एवढा वेळ उगाच आडवळणानं चाललोय.

अकरावीला ती माझ्याकडे आली. आई अंगणवाडीत मदतनीस, घर शेजारच्या गावात, पोरगी रोज एसटीनं येणार. अंगानं काटक, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या तीन वर्षं खेळणाऱ्या पोरीचा घोटा असा धरला की ती जागची हलली नाही. चांगल्या शिक्षकाला अशा वेळी काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक असणार. मला काय वाटलं ते सांगतो: बोलीत असती तर मी हिच्यावर पस्तीस लावले असते. त्याच संध्याकाळी मी फोनमध्ये एक तक्ता केला. आमच्या वहीतल्यासारखाच, पण माझ्या स्वतःच्या पोरींचा. कुणी किती पकडी केल्या, कुणी किती गुण आणले, कुणाच्या जागी कुणी आली तर किती घटतील. वाटलं, आपण आता शास्त्रशुद्ध काम करतोय. पुढं मॅचेस होत गेल्या तसा तिच्या नावापुढं आकडा आला पाच, तिच्या बदली पोरीपुढं एक. मॅचमागं चार गुणांची पोरगी. तिला पोलीस भरतीत जायचं होतं, खेळाच्या कागदाचा तिथं उपयोग होतो हे तिला मीच सांगितलं होतं, आणि ती पहाटे उठून गावच्या रस्त्यावर आठशे मीटर पळायची हेही मला माहीत होतं. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत सेमीफायनलला ती वाकडी पडली. उठली, मॅच पुरी केली, जिंकलो. फायनलला तासभर होता. मी तिला बाजूला बसवलं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. हो, तुमचाच अंगठा, दुसरं मला येतं काय. तिचा डोळा बारीक झाला. ती हळूच म्हणाली, "सर, आतून सरकायलाय. बसू का मी?"

मैदानावर माइक ओरडत होता, दुसऱ्या मॅचचा गोंगाट होता. मी खिशातून फोन काढला. सर, मी तक्ता उघडून बघितला. समोरचा संघ तगडा होता, मॅच दोन-तीन गुणांच्या फरकानं सुटणार हे स्पष्ट होतं, आणि ही पोरगी चार गुणांची होती. मी फोन खिशात टाकला, गुडघ्यावर स्प्रे मारला, नीकॅप चढवली, पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "चल, टाइम झाला." ती माझ्याकडे जराशी बघत राहिली आणि उठली.

चार पकडी केल्या तिनं. त्यातली एक मैदानात आपल्या तीनच पोरी उरलेल्या असताना, म्हणजे दोन गुणांची. एकूण पाच. शेवटच्या मिनिटाला समोरची दांडगी पोरगी चढाईवर आली, हिनं घोटा धरला, आणि आधाराला धावलेल्या आपल्याच दोघी तिच्या पायावर कोसळल्या. बाकीच्या पोरी आनंदानं ओरडत होत्या. हिनं घोटा सोडला नव्हता, पण तोंड मातीत खुपसलं होतं आणि दुसऱ्या हातानं जमिनीवर थापा मारत होती, टीव्हीवरच्या कुस्तीत पंच मोजतो तशा. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. तिच्या जागी दुसरी असती तर दोन गुणांनी हरलो असतो. माझं गणित बरोबर निघालं, सर, एका गुणाचीसुद्धा चूक नव्हती. ते चुकलं असतं तर मला आज इतकी किळस आली नसती.

परभणीच्या डॉक्टरांनी गुडघ्यातला लिगामेंट पूर्ण तुटल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं. वर्षभर पळायचं नाही, नंतर पळता येईल का ते नंतर बघू, असं ते म्हणाले, आणि डॉक्टर नंतर बघू म्हणतात तेव्हा काय म्हणतात ते मला कळतं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी मागितलं. मी लिहिलं, की किरकोळ दुखापत होती, विद्यार्थिनी स्वतः खेळण्यास उत्सुक होती, तिच्या आग्रहावरून तिला उतरवण्यात आलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं. तो कागद दवाखान्यात तिच्यापुढं धरला तेव्हा तिनं तो पूर्ण वाचला. तिला वाचायला वेळ लागला नाही, पण माझ्याकडे बघायला लागला. मग तिनं सही केली.

तिची आई गेल्या आठवड्यात शाळेत आली. पोरीची जर्सी आणि नीकॅप धुऊन, घडी घालून पिशवीतून आणली होती. "शाळंचं सामान हाय, सर, घरी कशाला ठिवायचं," म्हणाली. मी खुर्ची दिली. ती टेकली नाही. "पोरगी लय हट्टी हाय आमची. तुमी नगं म्हणलं असंल, तिनं ऐकलं नसंल. तुमी वाईट वाटून घेऊ नका." समोरच्या टेबलावर जिल्ह्याची ढाल होती, ती झाकायलाही मला काही मिळालं नाही. मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच सांगता येत नाही, पण तिनं तिचा अर्थ हो असा घेतला आणि ती निघून गेली.

तेव्हापासून मी त्या आईला खरं लिहून कळवायचं म्हणतोय. तीनदा कागद घेतला. तिन्ही वेळा वर तिचं नाव घालायच्या ऐवजी 'सर' असं लिहिलं गेलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही पोलिसात जाणार नाही, संस्थेकडे जाणार नाही, माझी नोकरी घालवणार नाही. तुम्ही त्या फायनलला माझ्या पायाऐवजी ढाल हरलात, आणि मी तुम्हाला भित्रा म्हणालो. भित्रा कोण, ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे. माफी मागायला तुम्ही उरला नाहीत, आणि जी उरली आहे तिच्यापुढं मला माफी मागता येत नाही. हा कागदही मी कुठं टाकणार नाही. स्पर्धेच्या फायलीत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवीन आणि फाईल कपाटात जाईल.

परवा ती कुबडी घेऊन परीक्षेचा फॉर्म भरायला आली होती. फॉर्म भरून झाल्यावर माझ्या खोलीच्या दारात थांबली. आत बोलावलं तर आली नाही. तिथूनच खाली बघत म्हणाली, "सर, त्या दिवशी मी बसू का म्हणलं होतं. लय गोंगाट होता तवा. तुमाला ऐकू आलं नसंल, न्हाई का?"

मी म्हणालो, "नाही गं. ऐकू नाही आलं."

तिचा चेहरा मोकळा झाला. सर, तुम्हाला शप्पथ सांगतो, इतका मोकळा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. ती जिना सावकाश उतरत गेली.

मला ऐकू आलं होतं.