छकुलीला वाचून दाखवलेल्या गोष्टी

दादा,

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल छकुलीच्या मागे ताट पडलं. मी दचकले, ती दचकलीच नाही. मग मागून टाळ्या वाजवल्या, तरी वळली नाही.

तू म्हणायचास, "येडे, लिहिलेलं मोठ्यांदा वाच. जीभ अडखळली की तिथे काहीतरी खोटं आहे." मी ह्या वहीत लिहिलेलं रोज तिलाच वाचून दाखवायचे. ती हसली की वाटायचं, गोष्ट जमली. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघून हसायची रे.

ह्यांना सांगितलं नाही. तुला फोन लावते, आणि तू उचलायच्या आत ठेवते.

तुझी येडी

मी मुद्दाम ठेवलेली ही वही ज्याला सापडेल त्याने माझ्या भावाला फोन करावा. नंबर मागच्या पानावर आहे. म्हणावं, पोरीला दवाखान्यात न्यायचंय, लवकर ये.