हळदीच्या गाण्याची लेखी परवानगी

उधना, सुरत

ती. भागीरथीआई यांस,

जावई भूपेंद्रचा दंडवत. गुडघ्याला तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता, ते कळवावं. (ललित, पत्र आईला मोठ्याने वाच. कंसातलं तुझ्यासाठी, ते मनात वाच.)

रविवारी मी इथे मिलवाल्यांच्या मुलांना संगणक शिकवतो, हे रंजना तुम्हाला सांगायचीच. मला कोणी शिकवलं नाही. साडीच्या छापखान्यात रंग घोटता घोटता मीच शिकलो. (आमचे मेहुणे, म्हणजे तूच, बी.एस्सी. असून फॉर्म माझ्याकडून भरून घेतात, ते असो.) या महिन्यात कॉपीराइटचा धडा होता. नेटवर फुकट धडे आहेत, पण अमेरिकेचे. आपला कायदा वेगळा, म्हणून मी वाक्यन् वाक्य तपासलं. सुरतेत हा विषय अवघड. इथे सकाळी एकाने काढलेलं डिझाइन संध्याकाळी शेजारी छापतो. हर्षदा नावाच्या मुलीने पहिलाच प्रश्न केला, ‘सर, रंग बदली नाखीए तो?’ म्हणजे नुसता रंग बदलला तर?

म्हटलं, उदाहरण घरचंच घ्यावं. रंजनाच्या हळदीला तुम्ही रचलेलं, नवऱ्या मुलाची टिंगल करणारं गाणं फोनवर वाजवलं. लग्नानंतर घरी मी फोन धरला तेव्हा रंजनाने ते माझ्या नाकाच्या ओळीपर्यंतच गायलंय. मग ‘आते बंद करा तो फोन’ म्हणते आणि संपतं. वर्ग नाकावर पोटभर हसला. हर्षदा म्हणाली, ‘परमिशन लीधी, सर?’ मी तपशीलवार सांगितलं : शब्द सासूबाईंचे, आवाज बायकोचा, ध्वनिमुद्रण माझं. ती म्हणाली, ‘तो मॅडमने पूछी लो ने.’ म्हणजे, मग मॅडमना विचारून घ्या ना.

ती वर्गात नवी आहे. रंजना फाल्गुनात गेली, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मी फळा पुसायला घेतला. (फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, ललित.)

तरी गाण्याच्या कर्त्या म्हणून आपली संमती, अंगठ्यासह, पाठवावी.

आपला जावई (अजून तोच),
भूपेंद्र

ता.क. कलम ५२ प्रमाणे वर्गात शिकवायला परवानगी लागत नाही. हे मला वर्गातही माहीत होतं.

आणखी ता.क. नाकाच्या पुढचं गाणं मला माहीत नाही. हळद तुमच्या मांडवात, मी माझ्या गावी. रंजनाला विचारलं की म्हणायची, ‘पुढचं तुमच्या कामाचं नाही.’ ललितने फोन समोर धरावा आणि तुम्ही ते पूर्ण म्हणावं. आवाज बसला असला तरी चालेल, मध्ये थांबलात तरी चालेल. फक्त जावई म्हणून काही गाळू नका. माझ्याबद्दल जे काही वाईटसाईट असेल, ते सगळं म्हणा.