चढावरचा आवाज

राजकोट, मंगळवार, कामावरनं आल्यावर

भोरच्या गॅरेजातल्या मिस्त्रींचा फोन आला. आण्णांच्या गाडीचं पेट्रोल इंजिन पार बसलंय. म्हणाले, "जुनंच बांधायचं का डिझेलचं टाकायचं, उद्या सांग. तुझं दाजी गाडी रोज दुधाला नेत्यात, त्यांना डिझेल बरं पडंल. आवाज मात्र टेम्पोगत येणार बघ."

तिथंच अडकलो. आण्णांना जाऊन अजून वर्ष झालं न्हाई, आणि त्यांच्या गाडीचा आवाज मी बदलू? घराखालच्या गुंजवण्याच्या चढाला गाडी लागली की आवाजावरनंच आई उठून चहा ठेवायची. आण्णा दारात येईस्तोवर चहा उकळलेला. हॉर्न कधी वाजवलाच न्हाई त्यांनी.

जुनंच बांधायचं ठरवलं. दिवाळीला गेल्यावर तो आवाज तरी ऐकायला मिळंल. आईला फोन केला. वाटलं, खूश होईल.

पण ती म्हणाली, "डिझेलच टाक बाबा. दाजी रोज त्यो चढ चढत्यात. आवाज आला की म्या उठती, चहा ठेवती. दोन कप. मग कळतंय, दाजी हाईत."

मी वर्षातनं एकदा ऐकणार. आणि तिला रोज...

कायतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग दिवाळीला गाडीतनं मी आलेलं तुला कसं कळणार?"

"तू हॉर्न वाजव की."

मिस्त्रींना सांगितलं, डिझेलच टाका. आणि हॉर्न चालतोय का तेवढं बघा. कधी वाजवलेला न्हाई.