बारा सुऱ्यांचं वर्ष

१ जानेवारी २०२५, बुधवार
नवीन डायरी. खताच्या दुकानाची, फुकट, पण पानं जाड आहेत. चांगली सुरुवात.
या वर्षी कोयते बंद, विळे बंद. चाळीस वर्षं मी आणि काशीदादा तेच करतोय. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तापव, ठोक, पाणी दे, मूठ बसव. बस झालं. यंदा महिन्याला एक सुरी, पण जिल्ह्यात कोणी बघितली नसेल अशी. जानेवारीत सुरमईच्या आकाराची, शेपटीकडे मूठ. फेब्रुवारीत रेडी बंदरातल्या भंगारातली साखळी आणायची, तापवून घड्या घालायच्या आणि लाटांची नक्षी असलेलं पातं काढायचं. परदेशात याला डमास्कस म्हणतात. मार्चात फणसाची घडीची सुरी, चीक न लागणारी. डिसेंबरात माणसाच्या उंचीचा कोयता, रेकॉर्डसाठी.
दादाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरा." मग विचारलं, "घेतलो कोण?" मी म्हटलं, गोव्याचे शेफ. तो परत म्हणाला, "बरा," आणि भट्टी पेटवायला गेला.
दादाला व्हिजन नाही. डिझाइन माझं, घण त्याचा. लहानपणापासून हीच वाटणी.

११ जानेवारी, शनिवार
सुरमई-सुरी तयार. शेपटी जरा जाड झाली. तो दादाचा घण. बाकी अप्रतिम. मासेवाल्या हिराला दाखवली. बराच वेळ उलटसुलट बघून म्हणाली, "मेस्त्रीनू, हिच्यान सुरमय कापूची, की हिचोच फोटो काढूचो?"
फोटो काढायची आयडिया चांगली आहे. ऑनलाइन टाकू.

२१ जानेवारी, मंगळवार
फेब्रुवारीची वाट न बघता साखळीची पहिली घडी. लोखंड पांढरं तापलेलं. मी सांडशीत धरून ऐरणीवर ठेवलं. दादाने घण उचलला तो तसाच वर. मी म्हटलं, दादा मार. परत म्हटलं, मार रे. मग घण बाजूला पडला आणि त्याच्यामागून दादा पडला.
ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं. पॅरालिसिस. उजवी बाजू आणि वाचा. डॉक्टर तरुण आहे. तरुण डॉक्टर आहे त्यापेक्षा जास्त सांगतात.

२ फेब्रुवारी, रविवार
दादा जागा आहे, ओळखतो. डावा हात चांगला चालतो. मी डॉक्टरांना विचारलं, शिमग्यापर्यंत घण उचलेल का. त्यांनी मला खुर्ची दिली. बसा म्हणाले. चांगला माणूस वाटला.
फेब्रुवारीचं प्रोजेक्ट मार्चात ढकललं. दादाच्या कानाशी जाऊन तसं सांगितलं. त्याने डोळे मिटले. विचार करत असणार.

१८ मार्च, मंगळवार
दादाची मुलगी पूजा त्याला वैभववाडीला घेऊन गेली. तिचं घर स्टेशनजवळ आहे, रोज व्यायाम करून घेणारा माणूस घरी येतो. वहिनी गेल्यापासून इथे दादाचं बघायला मी आणि माझी बायको सावित्रीच. मी पूजाला म्हटलं, मे महिन्यात न्यायला येतो. ती म्हणाली, "काका, बाबांका परत व्हरूची घाई करू नको."
मी दादाच्या बॅगेत लुंग्या, टॉवेल आणि त्याचा भट्टीवरचा चामड्याचा एप्रन घातला होता. पूजाने एप्रन काढून माझ्या हातात दिला. बॅग भरली असेल.

२४ एप्रिल, गुरुवार
माणूस नाही म्हणून प्रोजेक्ट थांबत नाही. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर आणली. तिला चाक, चाकाला दांडा, दांड्याला घण. ऑटोमॅटिक घण! दादा आला की त्याने नुसतं बटण दाबायचं. डाव्या हाताने.
संध्याकाळी ट्रायल घेतली. घण सुटला आणि छपरातून बाहेर गेला. सावित्रीचं म्हणणं, चार कौलं फुटली. माझं म्हणणं, ताकद सिद्ध झाली.
रात्री जेवताना ती म्हणाली, "भावजी आसते तर हसले असते." मला नाही वाटत. दादा कधी हसत नाही. एकदा, पूजाच्या लग्नात, हसला होता.

१२ जून, गुरुवार
पाऊस. मे महिन्यात वैभववाडीला जायचं राहिलं. पूजाच फोनवर म्हणाली होती, "एवढ्यात नको."
तात्पुरते कोयते करतोय. चूल पेटायला हवी म्हणून. प्रोजेक्ट बंद नाही. एकट्याने ठोकायचं म्हणजे एका हातात सांडशी, एका हातात छोटी हातोडी. लोखंडाला कळतं की ठोकणारा घाईत आहे.
माडावर चढणारा शंकर गेल्या आठवड्यात नेलेला कोयता परत घेऊन आला. धारेला दात पडलेत. हल्लीचं पोलादच वाईट, असं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काशीराम कधी येतलो?"
आज हा तिसरा माणूस. कोणी विचारत नाही की डिझाइन कोणाचं.

३० ऑगस्ट, शनिवार
गणपतीला दादा आला नाही. त्याच्या जागेवर आरतीला कोणी उभं राहिलं नाही. टाळ पडून होते.
नवीन प्रोजेक्ट. बाकी सगळी बाजूला. डाव्या हाताची सुरी. मूठ दादाच्या डाव्या हाताच्या मापाची. माप घ्यायला दादा नव्हता. डोळे मिटले तर हात दिसला, बोटावरच्या जुन्या भाजलेल्या डागासकट. फणसाच्या लाकडाची मूठ केली. आठ दिवस घासली. ही सुरी मी कोणाला दाखवली नाही. फोटोही काढला नाही.

७ सप्टेंबर, रविवार
वैभववाडीला गेलो. ट्रेन वेळेवर. सुरी पंच्यात गुंडाळून.
दादा पडवीत खुर्चीत बसला होता. अंग भरलंय. तोंड अजून एका बाजूला आहे, पण दाढी केलेली, केस कापलेले. मला बघून डावा हात पुढे केला. सुरी हातात दिली. त्याने धारेवरून अंगठा फिरवला, मूठ घट्ट धरली, सोडली, परत धरली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. आजारात येतं तसं, पूजा म्हणाली.
मी लगेच कामाचं बोललो. दादा, आपण आता डाव्या हाताच्याच सुऱ्या करूया. भारतात कोणी करत नाही. तू नुसता बस, रंग बघ, पाणी कधी द्यायचं ते सांग. ऑटोमॅटिक घणाची दुरुस्ती झालीय. खोली रंगवून ठेवतो. तू कधी येतलंस ते सांग.
दादा बराच वेळ तोंड जुळवत होता. मग माझं नाव घेऊन म्हणाला, "गुरू. हय... आवाज नाय."
मी म्हटलं, आपल्याकडेही सध्या नाही, भट्टी थंडच असते.
त्याने मान हलवली. "आवाज नाय. माका... बरा... वाटता."
पूजा चहा घेऊन आली. तिने सांगितलं, शेजारी गेटचं काम चालू होतं, लोखंड ठोकत होते, तेव्हा बाबांनी खुणेने खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. दुपारभर कानांवर उशी धरून बसले होते.
मी परत विचारलं. दादा, कधी येतलंस?
दादाने माझ्याकडे नीट बघितलं. "मी येवचंय नाय."
एकही अक्षर अडखळलं नाही. पूजा इतकी खूश झाली! म्हणाली, काका, आजारानंतरचं बाबांचं न अडखळता आलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. आतून नवऱ्याला हाक मारून बोलावलं, ऐका म्हणून. दादाने परत म्हणून दाखवलं नाही. माझा हात धरून बसला, तो ट्रेनची वेळ होईपर्यंत.

८ सप्टेंबर, सोमवार
सगळ्यांना सांगितलं, दादा दसऱ्यानंतर येणार. हिराला सांगितलं, शंकरला सांगितलं. सावित्री चुलीपाशी होती, तिने ऐकलं. तिला काल रात्रीच खरं काय ते सांगितलं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार
दसरा झाला. ऐरणीला फूल वाहिलं. चाळीस वर्षं मी समजत होतो, दादाला कमी बोलायची सवय आहे. इतक्या आवाजात कोण बोलणार?
लोक विचारायचे थांबलेत. ते जास्त वाईट.

१९ ऑक्टोबर, रविवार
शंकर काल नवीन पाटा टाकून गेला. बाजारातला कोयता त्याच्या हातात बसत नाही म्हणाला. कसाही कर, पण तूच कर.
सकाळी भट्टी पेटवली. पाटा तापला तशी सावित्री आली, पदर खोचला आणि घण उचलला. मी म्हटलं, हे बायकांचं काम नाही. ती म्हणाली, "पाण्याचे हंडे इतकी वर्सा कोणी व्हायले? सांडशी धरा तुमी."
धरली. पहिला घाव ऐरणीवर गेला. दुसरा लोखंडावर. मग जमायला लागलं. दुपारपर्यंत कोयता झाला. एका बाजूला किंचित कललाय. शंकर हातात तोलून म्हणाला, "चलात." घेऊन गेला.
दादा चार घावांनंतर क्षणभर थांबायचा. मला वाटायचं, दमतो. लोकांना सांगायचोही तसं. तो थांबायचा तेवढ्यात मी लोखंड उलटायचो. सावित्रीला हे कोण सांगणार? ती थांबत नाही. आज घण दोनदा माझ्या बोटांना लागता लागता राहिला. दुसऱ्या वेळी मी ओरडलो, "दादा, थांब!"
सावित्रीने घण खाली ठेवला. मी लोखंड उलटेपर्यंत उभी राहिली. मग परत उचलला.