एकसष्ट, बासष्ट आणि पुट अप विथ

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली आहेत. उरलेल्या दोन अंगांचा नमस्कार तुमच्या जाऊबाईंकडून वसूल करून घ्यावा. त्यांची कंबर ठणठणीत आहे आणि त्या हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचताहेत.) तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कठडा धरता, की अजून शाळेची घंटा झाल्यासारख्या धावता? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता असं पुतणी सांगते, पण ती तुमच्याच हाताखाली वाढलेली असल्यामुळे तिच्या साक्षीवर माझा फारसा भरवसा नाही. आमच्याकडे सगळे बरे आहेत. म्हणजे मी बरा आहे आणि बाकीचे मला निमूटपणे सहन करताहेत, ज्याला इंग्रजीत ‘पुट अप विथ’ म्हणतात. बघा, आलं की नाही सहज?

हे पत्र आभाराचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझं पत्र आलं की आत काही तरी मागणं असणार अशी आपल्या घरात समजूत आहे, आणि ती मी अनेक वर्षांच्या कष्टाने रुजवलेली आहे. पण या वेळी खरोखर काही मागणं नाही. तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी परत पहिल्यापासून सांगतो, कारण त्याशिवाय आभार नीट बसत नाहीत.

सव्वीस वर्षं मी दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या करतोय. माणूस पुढे खुर्चीत, मी मागे, मध्ये भिंत आणि त्या भिंतीत वहीएवढी खिडकी. थोरले डॉक्टर खिडकीतून माप आत सरकवायचे, मी चार दिवसांनी कवळी बाहेर सरकवायचो. बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मग थोरले डॉक्टर निवृत्त झाले आणि नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना आपली भाषा येत नाही, आणि आता दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या माणसांनाही येत नाही. आल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं (डोकं मावलं, खांदे मावले नाहीत) आणि सांगितलं की ज्याने कवळी केली त्यानेच ती पुढे येऊन बसवायची, कुठे टोचतं ते विचारायचं, नीट समजावून सांगायचं. तीन महिन्यांत त्या स्वतः उभ्या राहून बघणार. जमलं तर छान, नाही तर दात बाहेरून यंत्रावर करून आणणार. म्हणजे बावन्नाव्या वर्षी मी घरी बसणार आणि जाऊबाईंना दिवसभर सल्ले देणार. त्यांच्या तोंडचं पाणी माझ्याआधी पळालं.

इंग्रजी मला येत नव्हतं असं नाही. वाचता यायचं, लिहिता यायचं. बोलायला गेलो की मात्र ते कडक इस्त्री करून बाहेर पडायचं. सराव म्हणून मी कंपाउंडरला चपला काढायला सांगितल्या, तर माझं वाक्य ऐकून तो बिचारा राजीनामा मागितल्यासारखा उठून उभा राहिला. मग मी तुम्हाला फोन केला. दादांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तुम्ही फोन उचलत नव्हता, आणि उचललाच तर ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देत होता. आई दिवसभर पडदे ओढून बसते, असं पुतणी सांगायची. त्या दिवशी मी लाज सोडून म्हणालो की नोकरी जातेय, मला बोलायला शिकवा. मग तीस वर्षं आठवीच्या वर्गाला धाकात ठेवणारा आवाज आला, की एक वाक्य बोलून दाखवा. मी दाखवलं. त्यावर तुम्ही म्हणालात, “भाऊजी, हे इंग्रजी नाही, हा अर्ज आहे.” वहिनी, माझ्या भाषेबद्दल इतकं अचूक निदान आजवर कोणी केलं नव्हतं.

चार दिवसांनी पहिली यादी पोस्टाने आली. लाल शाईने समास आखलेला, वीस जोडक्रियापदं, प्रत्येकापुढे एक वाक्य, आणि खाली सूचना, की रोज सकाळी साडेसातला फोनवर म्हणून दाखवावीत, सबबी चालणार नाहीत. बोलणारी माणसं ‘रिमूव्ह’ करत नाहीत, ‘टेक आउट’ करतात. ‘टॉलरेट’ करत नाहीत, ‘पुट अप विथ’ करतात, हे मला तेव्हा कळलं. ही क्रियापदं मोठी नमुनेदार निघाली. एकटी असताना साधी सरळ वाटतात, पण शेजारी एखादं अप नाही तर ऑफ येऊन बसलं की घरच्यांनाही ओळख देत नाहीत. (आपल्या धाकट्या आत्याचा मुलगा लग्नानंतर असाच झाला होता.) पाठ व्हावीत म्हणून मी जे करीन ते मोठ्याने जाहीर करू लागलो. नळ ‘टर्न ऑन’, चहा ‘पोअर आउट’, ओटा ‘वाइप डाउन’. घरात सामन्याचं धावतं वर्णन चालू आहे असं जाऊबाईंना वाटायचं, आणि त्यात खेळणारा मी एकटाच. तिसऱ्या दिवशी ‘शट अप’ हे जोडक्रियापद त्यांना कोणी न शिकवता आलं. उच्चारही निर्दोष होता.

आता दवाखान्यातली गंमत. नवी कवळी तोंडात बसवली की ती बोलवून बघावी लागते. थोरले डॉक्टर त्यासाठी आकडे म्हणायला लावायचे, एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत. त्यातल्या स आणि ष्ट यांच्यापुढे चुकीचा दात टिकत नाही. मी खिडकीला कान लावून ऐकायचो आणि सदुसष्टला शिट्टी वाजली की पुढचा दात केसभर मागे घ्यायचा हे आतल्या आत ठरवायचो. पण नव्या माणसांना आपले आकडे कुठून येणार? तेव्हा मला सुचलं की यांना वहिनींची यादीच वाचायला द्यावी. त्यांची कवळी तपासून होईल आणि माझा पाठही. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात मी यादीला पुठ्ठा लावून घेतला. पहिल्या आल्या त्या स्टेशनवर तीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केलेल्या बाई. त्यांनी ‘सेट ऑफ’ आणि ‘गेट ऑन’ असं काही वाचलं, की बाहेर बाकावर बसलेल्या दोघांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. मग एकेक करून सगळेच वाचू लागले. काहींना इतकी गोडी लागली की कवळी उत्तम बसली असूनही ती टोचते असं सांगून ते पुढच्या आठवड्याची यादी वाचायला यायचे. मी कवळी हातात घ्यायचो, उगाच जरा पुसायचो आणि परत द्यायचो. दोघांचंही समाधान व्हायचं.

एकच घोटाळा झाला. मी उच्चार शिकत होतो ते नुकते नवे दात बसवलेल्या माणसांकडून, हे माझ्या लक्षातच आलं नाही. महिन्याभरात माझा स शिट्टी मारू लागला आणि फ बरोबर थोडी हवा निसटू लागली. तुम्ही फोनवर तीन दिवस ऐकून घेतलंत आणि चौथ्या दिवशी हळूच विचारलंत, की भाऊजी, तुमचेच दात सैल झालेत का. माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, वहिनी, पण इंग्रजी कवळी लावूनच शिकलो त्याला काय करणार. पुढे आठ दिवस तुम्ही माझ्याकडून नुसता स म्हणवून घेतलात, आणि जाऊबाईंना घरात साप आल्याचा भास होत राहिला.

खरी फजिती पुढेच आहे. शिट्टी गेली, जोडक्रियापदं जिभेवर बसली आणि मी ऐकणाऱ्याला मोठा पारंगत वाटू लागलो. इथेच गोची झाली. पूर्वी मी अडखळायचो तेव्हा समोरचा सावकाश बोलायचा, खुणा करायचा, वेळप्रसंगी चित्रही काढायचा. आता मी फाडफाड बोलतोय म्हटल्यावर तोही फाडफाड बोलायचा, आणि बोलणं शिकण्याच्या नादात ऐकणं शिकायचं राहूनच गेलेला मी फक्त मान हलवायचो. अशात एक दिवस दुपारी टाय लावलेला एक विक्रेता आला. डॉक्टरीणबाई बाहेर होत्या. आयताच माणूस सापडला म्हणून मी त्याच्यावर दहा मिनिटांत अठरा जोडक्रियापदं वापरली. त्याने मला दवाखान्याचा मुख्य समजून तितक्याच वेगाने उत्तर दिलं. शब्द सगळे ओळखीचे वाटत होते, वाक्य एकही नाही. मी प्रसन्नपणे मान हलवत राहिलो, त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली आणि त्याला दारापर्यंत पोचवलं. पुढच्या सोमवारी चार माणसं एक पेटारा घेऊन आली. आत कवळ्या करणारं यंत्र होतं, चालवून दाखवण्यासाठी, आणि ते बोलावणारा मी होतो. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ बघितले, पण धोंड्यासाठी सही करून देणारा मी पहिलाच असेन.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की मग आज दोन्ही बघून टाकू, यंत्रही आणि तुम्हीही. खुर्चीत बोटीवर इंजिनं सांभाळण्यात आयुष्य गेलेले एक आजोबा होते. त्यांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही. डॉक्टरीणबाई एका बाजूला, विक्रेता हाताची घडी घालून दुसऱ्या बाजूला. मी कवळी बसवली आणि ‘बाइट डाउन’, ‘होल्ड ऑन’ वगैरे सात जोडक्रियापदं एका दमात सोडली. आजोबा खूश झाले. आपला माणूस भेटला असं समजून ते नव्या दातांनी दोन मिनिटं अखंड बोलले. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. वहिनी, माझी मान आपली आपण हलायला निघाली होती. ती एकदा जरी हलली असती तर आजोबा टोचणारी कवळी घेऊन घरी गेले असते, आणि माझ्या जागी ते यंत्र पक्कं झालं असतं. त्या क्षणी तुमच्या पहिल्या यादीतलं सगळ्यात खालचं जोडक्रियापद आठवलं. अडाणी दिसू या भीतीने मी ते कधीच वापरलं नव्हतं. मी म्हणालो, “स्लो डाउन, प्लीज.”

आजोबा थांबले. मग एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं, तोंडात बोट घालून दाखवलं. डावीकडे खाली अगदी मागे मोहरीएवढं टोक राहिलं होतं. मी कवळी काढली, घासली, परत बसवली. त्यांनी जबडा चारही दिशांना फिरवून बघितला आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “न समजता मान हलवणारीच माणसं मी जास्त पाहिली आहेत. तुम्ही विचारलंत. पुढची खुर्ची तुमची.” (हे त्या इतकं सावकाश बोलल्या की मला एकूण एक शब्द कळला.) यंत्रही ठेवून घेतलं. ते मागच्या खोलीत ओबडधोबड काम करतं आणि शेवटचा हात मी फिरवतो. विक्रेत्याने माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं आणि मी मान हलवली, कारण या वेळी कळलं होतं.

वहिनी, माझी नोकरी तुम्ही वाचवलीत. हे तोंडावर सांगायला गेलो तर तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहून पाठवतोय. आजवर या घरात मला पुष्कळांनी सल्ले दिले, पण रोज सकाळी साडेसातला माझ्यासाठी फोनपाशी बसून कोणी माझा स सरळ केला नव्हता. तुमचे उपकार फिटणारे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत, तसेच राहू देत. पुतणीला अनेक आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
भाऊजी

ता. क. जाऊबाई विचारताहेत की परीक्षा कधी झाली ते पत्रात का नाही, आणि पेन ओढून घेण्याच्या बेतात आहेत, म्हणून सांगून टाकतो. परीक्षा आठव्या यादीनंतर लगेच झाली. तुम्ही एकोणीस पाठवल्यात. डॉक्टरीणबाई परीक्षा पुढे ढकलताहेत असं मी दर आठवड्याला सांगत होतो ते खोटं होतं. नोकरी पक्की झाली असं म्हणालो असतो तर तुम्ही ‘छान झालं’ म्हणून फोन ठेवला असतात, आणि परत पडदे ओढून बसला असतात, याची मला भीती वाटत होती. रागवा, पण फोनवर रागवा.

ता. क. दुसरा. मागणं नाही असं वर लिहिलंय ते खोडायचं राहून गेलं. विसावी यादी हवी आहे. घोषणावाल्या बाई, बोटीवाले आजोबा आणि बाकावरचे नऊ जण दर आठवड्याला विचारतात, आणि डॉक्टरीणबाईंनीही स्वतःसाठी एक प्रत मागितली आहे. त्यांचं इंग्रजी जाड पुस्तकांतलं असल्यामुळे माणसं त्यांना घाबरतात.

ता. क. शेवटचा. हा जाऊबाईंना दाखवलेला नाही. नवव्या यादीत तुम्ही ‘गेट ओव्हर’ लिहून, त्याच्यापुढे ‘दुःखातून बाहेर येणे’ असा अर्थ देऊन, मग दोन्हींवर काट मारली होतीत. वाक्य लिहिलंच नव्हतंत. मला ते काटेखालून वाचता आलं. दादांच्या बाबतीत ते मलाही अजून येत नाही, वहिनी. ते राहू द्या. पुढचं घ्या.